थंडीत गिअर कडक पडतो? क्लच प्लेट बदलण्याआधी हे तपासा

राम राम भाऊ. तुमची अडचण आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गाडी पेट्रोलची, 9 वर्षांची, पुढच्या चाकांवर चालणारी, 5 गिअर, क्लच केबलवर, 85,000 किलोमीटर झालेले. रोज पहाटे साडेपाचला साक्रीहून धुळ्याला निघता. सुरुवातीला दुसरा गिअर जोर लावूनही पडत नाही, तिसऱ्यावरून दुसऱ्यात आणायचं म्हटलं तर आणखीच अडतो. अंगणातून गाडी मागे घेताना रिव्हर्स खर्रकन वाजतो. पेडल जड लागतं. वाटेतलं नेर गाव येईपर्यंत सगळं सुरळीत होतं आणि दुपारी परतताना काहीच तक्रार नसते. दिवाळीआधी गिअरबॉक्स गुणगुणतो म्हणून एकाने त्यात जाड तेल टाकून दिलं. आता दुसरा म्हणतो, प्लेट गेली, पूर्ण क्लच सेट बदला.

सेट बदलू नका. निदान या आठवड्यात तरी नाही.

तुमच्या सगळ्या वर्णनात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे दुपारी गाडी नीट चालते. झिजलेली क्लच प्लेट सकाळ-दुपार बघत नाही. शिवाय झिजलेली प्लेट घसरते. म्हणजे घाटात किंवा ओव्हरटेक करताना इंजिन ओरडतं, पण गाडी तेवढी उचलत नाही. तुम्ही अधूनमधून कोंडाईबारी चढता असं लिहिलंय आणि तिथे गाडी ओढते म्हणता. मग प्लेटला धरायला अडचण नाही. गिअर अडतो आहे, आणि तोही फक्त गारठ्यात. मला यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात: एक तेलाची, दुसरी क्लच पूर्ण न सुटण्याची, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स पूर्ण वेगळे न होण्याची. दोन्ही वेगवेगळ्या तपासू.

आधी तेल. आपल्या खान्देशातला उन्हाळा आणि हिवाळा यांतलं अंतर बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या वर जातो, आणि डिसेंबर-जानेवारीत धुळ्याला काही पहाटे तो 5-6 अंशांपर्यंत उतरतो. तोरणमाळच्या बाजूला तर हिव त्याहून जास्त. एकाच गिअरबॉक्समधल्या एकाच तेलाने ही 40 अंशांची तफावत सोसायची असते. आणि आपल्याकडे तेल निवडताना सगळे फक्त उन्हाळ्याचा विचार करतात. "आपल्याकडे ऊन फार, जाड तेल टाका" हे वाक्य मी कामाला लागलो तेव्हापासून ऐकतो आहे. माझे उस्तादही तेच सांगायचे. त्यांच्या काळातल्या ट्रक आणि जीपना ते चालत होतं. आजच्या छोट्या गाडीला चालत नाही.

का चालत नाही, तर गिअर पडण्याची क्रियाच तेलावर अवलंबून आहे. प्रत्येक गिअरजवळ एक पितळी रिंग असते, सिंक्रोची रिंग. तिला आतून बारीक खाचा असतात. तुम्ही गिअरचा दांडा ढकलता तेव्हा ही रिंग गिअरच्या उतरत्या कोनावर घासते, मधला तेलाचा पापुद्रा खाचांतून बाजूला सारते आणि दोन फिरणाऱ्या भागांचा वेग सारखा करते. वेग सारखा झाला की मगच ती दांड्याला पुढे जाऊ देते. तेल दाट असेल तर पापुद्रा लवकर फाटत नाही, रिंग नुसती सरकत राहते, वेग जुळत नाही आणि तुमच्या हाताला दांडा भिंतीला टेकल्यासारखा लागतो.

मग दुसराच गिअर का अडतो? वेगातला फरक तिथे सर्वांत मोठा असतो म्हणून. छोट्या गाड्यांत पहिल्याचं प्रमाण (बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेरीला इंजिनच्या किती फेऱ्या) साधारण 3.5 आणि दुसऱ्याचं 1.9 धरा. पहिल्यात इंजिन मिनिटाला 2,500 फेऱ्यांवर असताना दुसरा टाकला, तर गिअरबॉक्सच्या आतल्या, क्लचला जोडलेल्या शाफ्टला 1,350 च्या आसपास यावं लागतं. म्हणजे साडेअकराशे फेऱ्या त्या बिचाऱ्या पितळी रिंगने क्षणभरात उतरवायच्या. चौथ्यावरून पाचव्यात हाच फरक पाच-साडेपाचशेचा असतो, म्हणून तिथे तुम्हाला काही जाणवत नाही. तिसऱ्यावरून दुसऱ्यात येताना उलट शाफ्टचा वेग वाढवायचा असतो, आणि गार दाट तेल त्याला मागे ओढतं. म्हणून उतरता दुसरा चढत्या दुसऱ्यापेक्षा वाईट. तुमची तक्रार या हिशेबाशी तंतोतंत जुळते.

तेलाच्या डब्यावरचे आकडेही समजून घ्या. 75डब्ल्यू-80, 80डब्ल्यू-90, 85डब्ल्यू-140 असं लिहिलेलं असतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा गारठ्यातल्या प्रवाहीपणाचा. 75डब्ल्यू तेलाची कसोटी उणे 40 अंशांवर लावतात, 80डब्ल्यूची उणे 26 वर, 85डब्ल्यूची उणे 12 वर. आपल्याकडे उणे तापमान येत नाही म्हणून हा आकडा बिनकामाचा, असं समजू नका. जे उणे 40 ला वाहतं ते 6 अंशांवर आरामात वाहतं, जे उणे 12 लाच अडतं ते 6 अंशांवर जडच असतं. मागचा आकडा तापलेल्या तेलाचा. 100 अंशांवर 80 ची जाडी 11 सेंटिस्टोकच्या (हे दाटपणाचं माप) आत असते, 90 ची 13.5 ते 18.5 आणि 140 ची 24 ते 32.5. म्हणजे ज्या गाडीला 80 हवं तिच्यात 140 टाकलं, तर गरम असतानाही ते दुपटीहून जास्त दाट. पहाटे तर विचारूच नका, काकवीच ती.

तुमच्या गाडीत दिवाळीआधी नेमकं कोणतं तेल पडलं ते विचारून घ्या. "90 नंबर" म्हणाले तर कदाचित थोडक्यात निभावलं. "140" म्हणाले तर बदलाच. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात गिअर ऑइलचा प्रकार छापलेला असतो, तो बघा. छोट्या पेट्रोल गाड्यांना बहुधा 75डब्ल्यू-80 किंवा 75डब्ल्यू-90, जीएल-4 प्रतीचं लागतं. जीएलचा आकडा म्हणजे तेल किती दाब झेलतं त्याची प्रत; हे जीएल-4 नीट वाचा. दुकानदार "हे त्याहून भारी" म्हणून जीएल-5 देतो. जीएल-5 मागच्या डिफरन्शियलसाठी, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरसंचासाठी, उत्तम, त्यात दाब झेलणारी गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त असते. पण सिंक्रोच्या रिंगला थोडं घर्षण हवंच असतं, नाहीतर ती पकडणार काय? जास्त निसरड्या तेलात ती पकड सोडते, आणि त्यातली काही रसायनं तापल्यावर पितळेला खातात. पुस्तकात जीएल-5 लिहिलं असेल तरच ते टाका. तसंच कोणी पातळ म्हणून इंजिन ऑइल किंवा ऑटोमॅटिक गाडीचं लाल तेल सुचवलं, तर पुस्तकात तसं लिहिल्याशिवाय ऐकू नका.

आता क्लचकडे. यासाठी तपासणी अशी करा की पैसा लागत नाही. उद्या पहाटे गाडी सुरू करण्याआधी, इंजिन बंद असताना, क्लच पूर्ण दाबून पाचही गिअर आणि रिव्हर्स एकेक करून टाकून बघा. एखादा दातावर दात येऊन अडला तर क्लच सोडून पुन्हा दाबा किंवा गाडी हाताने इंचभर हलवा, मग पडेल. इंजिन बंद असताना दांडा सगळीकडे सहज जातो आणि इंजिन सुरू केल्यावर उभ्या गाडीत पहिला आणि रिव्हर्स अडतो, तर क्लच पूर्ण सुटत नाही. इंजिन बंद असतानाही दांडा जड, तर दोष दांड्यात, त्याच्या केबलींत किंवा गिअरबॉक्सवरच्या सिलेक्टरमध्ये, म्हणजे दांड्याची हालचाल आत नेणाऱ्या भागात. आणि उभ्या गाडीत सगळं ठीक, फक्त चालत्या गाडीत दुसरा अडतो, तर तेल किंवा सिंक्रो.

रिव्हर्ससाठी दुसरी तपासणी. गार इंजिन सुरू झाल्यावर फेऱ्या आपोआप 1,200 ते 1,500 पर्यंत चढतात, मिनिटभराने 800-900 वर येतात. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. त्यामुळे चढलेल्या फेऱ्यांवर लगेच रिव्हर्स टाकला की वाजणारच, त्यात गाडीचा दोष नाही. फेऱ्या खाली येऊ द्या, क्लच तळापर्यंत दाबा, मनात पाचपर्यंत मोजा आणि मग टाका. शांतपणे पडला तर क्लच ठीक. पाच मोजूनही खर्र झालं तर प्लेट फ्लायव्हीलपासून (इंजिनच्या टोकाचं जड चाक) पूर्ण सुटत नाही, शाफ्ट अजून फिरतोय. इथे दाट तेलाला दोष देता येत नाही, कारण दाट तेल शाफ्टला उलट लवकर थांबवतं. म्हणून मी वर म्हणालो की तुमच्या गाडीत दोन गोष्टी आहेत.

सुटत नसेल तर सर्वांत आधी खाली वाकून मॅट बघा. मनापासून सांगतो, हिवाळ्यात पाय गार पडतात म्हणून लोक जाड मॅट टाकतात, तीही जुन्या मॅटवर. पेडल बोटभर कमी दबलं तरी क्लच अर्धवट राहतो. मॅट काढून एकदा गिअर टाकून बघा.

मग पेडलची ढिलाई. हाताने पेडल दाबा. जड लागायच्या आधी ते जेवढं मोकळं हलतं ती ढिलाई. केबलच्या गाड्यांत ती साधारण 10 ते 25 मिलिमीटर असते, नेमका आकडा पुस्तकात मिळेल. ढिलाई याहून खूप जास्त असेल तर दाबलेल्या पेडलचा अर्धा प्रवास वाया जातो आणि प्लेट सुटत नाही. गिअरबॉक्सजवळ केबलच्या टोकाला नट असतो, तो आवळला की ढिलाई कमी होते. पण घाईने पूर्ण संपवू नका. ढिलाई शून्य झाली तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग, कायम दाबलेलं राहतं, प्लेट घसरू लागते आणि मग खरंच सेट बदलायची वेळ येते. प्लेट झिजते तशी ढिलाई कमी होत जाते, वाढत नाही. त्यामुळे ती अचानक वाढलेली दिसली तर केबलच्या तारा तुटत चालल्या आहेत का ते टोकाशी नीट बघा. एकेक तार तुटते आणि शेवटची भर रस्त्यात जाते.

जड पेडलसाठी केबल फोर्कच्या (ती ओढते त्या क्लचच्या लिव्हरच्या) बाजूने सोडवा आणि नुसती केबल हाताने ओढून बघा. आपल्या काळ्या जमिनीची धूळ नळीत शिरते, पावसाचं पाणी शिरतं, आणि थंडीत त्याचा लगदा घट्ट होतो. केबल अडखळत असेल तर नवीन घाला. आत प्लास्टिकचं अस्तर असलेल्या केबलीत तेल ओतू नका; दोन दिवस हलकी चालते आणि मग तेलात धूळ बसून आणखी अडते. केबल मोकळी आहे, फोर्कही मोकळा आहे, तरी पेडल जड, तर मात्र प्लेट झिजल्याने तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगचा कोन बदललेला असतो. तुमच्या 85,000 किलोमीटरला ते अशक्य नाही. पण तसं असेल तर पेडल दुपारीही तितकंच जड लागेल. हे एकदा ताडून बघा.

ज्यांच्या गाडीचा क्लच ब्रेक ऑइलवर चालतो त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. पेडल भराभर तीन-चार वेळा दाबल्यावर गिअर सहज पडत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडरचं रबर सील दाब धरत नाही. गारठ्यात जुनं रबर कडक होतं, म्हणून हा त्रासही पहाटेच जास्त. डॅशखाली पेडलचा दांडा जिथे सिलिंडरमध्ये शिरतो तिथे बोट फिरवा. खालच्या सिलिंडरचं रबरी टोपण उचलूनही बघा. ओल दिसली तर सील गेलं. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच, डॉट 3 किंवा डॉट 4, आणि दर 2 वर्षांनी बदललेलं बरं, कारण ते हवेतली ओल पितं. त्यात कधीही इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल पडू देऊ नका, सगळी रबरं फुगतात. आणि बोलेरो-जीपसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत सगळं नीट असूनही क्लच सुटत नसेल, तर इंजिनच्या टोकातलं छोटं स्पिगॉट बेअरिंग जाम झालेलं असू शकतं. ते गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय दिसत नाही.

इंजिन बंद असतानाही दांडा जड निघाला, तर पुढचं वाचा. यात मी स्वतः एकदा चुकलो आहे. बरीच वर्षं झाली, चाळीसगावकडच्या एका गुरुजींची गाडी डिसेंबरात आली, सगळेच गिअर कडक. मी प्लेट बदलली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते तशीच गाडी घेऊन गॅरेजच्या दारात उभे. मग खाली शिरून नीट बघितलं, तर गिअरबॉक्सवरच्या सिलेक्टर शाफ्टचं रबरी टोपण फाटलेलं. पावसाळ्यात शेतरस्त्याचा काळा चिखल त्यात बसला होता, ग्रीसमध्ये कालवून वाळला होता आणि गारठ्यात दगडासारखा धरत होता. डिझेलने धुतला, नवं ग्रीस लावलं, टोपण बदललं. एका तासाचं काम. मी त्यांची मजुरी परत केली, पण प्लेटचे पैसे त्यांचे गेलेच. तेव्हापासून इंजिन बंद ठेवून दांडा हलवून बघितल्याशिवाय मी कोणाच्याही क्लचला हात लावत नाही.

तुम्हीही बॅटरी किंवा एअर फिल्टरच्या खाली तो भाग शोधून बघा. दांड्याच्या दोन्ही केबलींच्या टोकांना प्लास्टिकचे बुश असतात, ते फुटले की दांडा ढिला लागतो आणि गिअर अर्धवट पडतो. इंजिनचं माउंटिंग बसलं असेल तरी दांड्याची सरळ रेषा बिघडते, विशेषतः जुन्या लोखंडी रॉडच्या गाड्यांत.

तेल बदलायचं ठरलं तर दुपारी, 15-20 किलोमीटर चालवून आल्यावर बदला, म्हणजे जुनं पूर्ण निथळतं. गाडी सपाट जागी, खड्ड्यावर किंवा चारही बाजूंनी सारखी उचललेली. आधी भरायचा नट खोला, मग खालचा. उलट केलं आणि वरचा नट जाम निघाला, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल. खालच्या नटाला चुंबक असेल तर त्यावरची राखाडी पेस्ट बोटावर घेऊन उन्हात बघा. मऊ राखाडी लेप नेहमीचा. लोखंडाचे तुकडे वाईट. तेलातच सोनेरी चमक दिसली तर ती पितळी रिंगची झीज आहे. चुंबक पितळ धरत नाही, म्हणून निथळलेलं तेल पसरट भांड्यात घ्या आणि तिथेच बघा. नवं तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, वाहू लागलं की थांबायचं. छोट्या गाडीत साधारण 2 लिटर बसतं. जास्त भरलं तर सील गळतं आणि ते तेल प्लेटवर गेलं तर चांगली प्लेट खराब होते.

गिअरबॉक्स गुणगुणतो ही तुमची मूळची तक्रार मात्र खरी होती आणि जाड तेलाने ती फक्त झाकली गेली. योग्य तेल टाकल्यावर आवाज परत येईल, घाबरू नका. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये, क्लच सोडून कान द्या. आवाज येतो आणि पेडल दाबलं की थांबतो, तर इनपुट शाफ्टचं, म्हणजे क्लचला जोडलेल्या त्याच आतल्या शाफ्टचं बेअरिंग. उलट, पेडल दाबल्यावर आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग. फक्त चालत्या गाडीत येत असेल तर आतलं दुसरं बेअरिंग किंवा डिफरन्शियल, ते चालवूनच ओळखावं लागतं.

हे सगळं होईपर्यंत पहाटे गाडी अशी चालवा. स्टार्टर मारताना क्लच दाबून ठेवा, म्हणजे स्टार्टरला गार तेलातला गिअरबॉक्स फिरवावा लागत नाही. उभं राहून इंजिन तापवत बसू नका. त्याने गिअरबॉक्सचं तेल फारसं तापत नाही, ते चालण्यानेच तापतं. पहिल्यात 2,000 फेऱ्यांच्या आतच दुसरा टाका, न्यूट्रलमध्ये दांडा क्षणभर थांबवा, मग हलक्या हाताने पुढे न्या. तरी अडला तर न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून पुन्हा दाबा, जुने ट्रकवाले करतात तसं. तिसऱ्यावरून दुसऱ्यात येताना असाच क्लच सोडलेला असताना ॲक्सिलरेटरला हलका टोला द्या. उभ्या गाडीत पहिला अडला तर आधी तिसरा टाकून बघा आणि मग पहिला. जोर लावून घुसवणं तेवढं टाळा, त्या जोराने रिंगची धार जाते आणि गेलेली धार कोणतंही तेल परत आणत नाही.

योग्य तेल, मॅट आणि केबल या तिन्हीनंतर 200-300 किलोमीटर चालवा. दुसरा पहाटे किंचित जड राहिला तर ते गारठ्याचं नेहमीचं आहे, सोडून द्या. पण दुपारी, तेल तापलेलं असतानाही दुसरा खर्र वाजू लागला, तर रिंग गेली आहे आणि गिअरबॉक्स खोलावा लागेल. तेव्हा मात्र प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग मोजून बघा आणि सीमेवर असतील तर त्याच वेळी बदला, कारण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी तुम्ही तेव्हा भरलेलीच असेल.